केतकीचे सात महिने

ही गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही. मंदारला नाही — आणि नवऱ्याला मी नको नको त्या गोष्टी सांगत असते, तो बिचारा ऐकून घेतो. आईला नाही. केतकीला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा इतकी वर्षं पोटात ठेवून आता ती तिथे मावेनाशी झाली म्हणून. कारण काहीही असो, मी कोणी भाबडी बाई आहे आणि माझ्याकडून काहीतरी चुकून घडलं, अशा समजुतीने ऐकू नका. चुकून काही घडलं नाही. मला तेव्हाही सगळं कळत होतं.

आधी हे सांगायला हवं की स्टुटगार्टमधल्या आपल्या मराठी मंडळींत माझं नाव चांगलं आहे. कोणी नवीन इंजिनिअर पुण्याहून आला, कोणाची बायको मागून आली, की ठरलेलं असतं — अनघाला विचारा. घराचा पत्ता नोंदवायची आनमेल्डुंग कशी करायची, मुलाला कीटा म्हणजे पाळणाघर कसं मिळवायचं, बायोडेटा जर्मन पद्धतीने कसा लिहायचा. मंडळाच्या गणपतीत एकदा मला स्टेजवर बोलावून नारळही दिला. तो घेताना मला काय आठवत होतं ते कोणाला दिसलं नाही. दिसण्यासारखं काही नव्हतंच. मी छान हसत होते. फोटो आहे.

केतकी आणि मी पुण्यात इंजिनिअरिंगला एका बाकावर होतो. मला चांगले मार्क पडायचे, तिलाही पडायचे. फरक एवढाच की मी अभ्यास करायचे. ती परीक्षेच्या आदल्या दिवशी माझ्याच वह्या घेऊन जायची, आणि निकालाच्या दिवशी मला मिठी मारून म्हणायची की तुझ्यामुळे पास झाले गं. चार मार्क जास्त मिळवून 'तुझ्यामुळे पास झाले' म्हणणारी मैत्रीण तुम्हाला आहे का? असेल तर तुम्हाला पुढचं समजायला सोपं जाईल.

जर्मनी मात्र माझी होती. मी आधी आले. कायझर्सलाउटर्नला मास्टर्स केलं, विद्यापीठाच्या मेन्झात — म्हणजे खानावळीत — ताटं विसळली, थंडीत सायकलवरून पडले, सी-वन या वरच्या पातळीपर्यंत जर्मन शिकले. अर्जांवर अर्ज केले. मग स्टुटगार्टजवळच्या एका ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत टेस्टिंगचं काम मिळालं. ते सगळं मी कमावलं होतं. आणि सहा वर्षांनी केतकी आली, ती थेट विमानातून नोकरीवर. पुण्यातल्या कंपनीने तिला प्रोजेक्टवर पाठवलं, इथल्या कंपनीने ठेवून घेतलं, ब्लू कार्ड म्हणजे राहण्या-कामाचा परवाना मिळाला. मागून नवरा निखिल पुण्यातली नोकरी सोडून आला, लहानगा ईशान आला.

मी स्टेशनवर घ्यायला गेले होते. आनमेल्डुंगला मी गेले, घर बघायला मी गेले, ईशानचे बर्फातले बूट मी घेऊन दिले. मी खरंच खूश होते — याबद्दल तरी माझ्यावर विश्वास ठेवा. तिला माझी गरज होती तोवर मी तिच्यावर जीव टाकत होते.

मग तिची गरज संपली. फार लवकर संपली.

ती स्टुटगार्ट-वेस्टमध्ये एका जुन्या इमारतीत राहायची. इथे बिल्डिंगचा जिना आठवड्याच्या पाळीने भाडेकरूंनीच पुसायचा असतो, त्याला केअरवोखे म्हणतात, आणि आपल्या लोकांना त्याचा भयंकर वैताग येतो. केतकीने पहिल्याच पाळीला तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईला विचारलं, तुम्ही कसं पुसता ते दाखवा ना. झालं. त्या बाई तिच्या आजी झाल्या. त्यांच्याकडून ती इथली श्वेबिश बोली शिकली — व्याकरणाची पार वाट, पण अशा ठसक्यात बोलायची की माणसं खुदकन हसायची. माझं जर्मन लोक लक्षपूर्वक ऐकतात आणि मान डोलावतात. हसत कोणी नाही. माझ्या कोपऱ्यावरच्या बेकरीतली बाई आठ वर्षं मला किमतीपलीकडे एक शब्द बोलली नव्हती. केतकी माझ्याबरोबर दोनदा तिथे आली, आणि तिसऱ्या वेळी ती बाई मला विचारते — आज तुमची मैत्रीण नाही आली?

हसू येतं ना? मलाही आता येतं. तेव्हा मी ब्रेड न घेता बाहेर आले होते.

मत्सर म्हणजे काहीतरी मोठं, धगधगतं असेल अशी माझी कल्पना होती. तसं काही नसतं. रोज थोडं थोडं पोटात दुखतं आणि तोंडाने आपण म्हणत राहतो, 'कित्ती छान केतू.' मी ते इतक्यांदा म्हटलंय की मंदार माझी नक्कल करायचा.

२०१६ च्या शरद ऋतूत तिची नोकरी गेली. तिच्या चुकीने नाही. अख्खा विभागच हंगेरीला हलवला. आणि त्याच पंधरवड्यात नाशिकला तिच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला. ती गेली. साडेतीन महिने तिथे राहिली, त्यांना उठवणं-बसवणं, भरवणं, व्यायाम, सगळं तिने केलं. आई नव्हती, भाऊ नव्हता. ते काठी घेऊन अंगणापर्यंत चालू लागल्यावर ती परत आली आणि अर्ज करायला लागली. मधले महिने गेले ते गेलेच. सगळे मिळून सात.

ब्लू कार्ड नोकरीला बांधलेलं असतं. नोकरी नाही तर परवाना नाही. परदेशी लोकांच्या कचेरीने तिला जूनअखेरपर्यंतची मुदत दिली होती. त्याच्या आत नोकरी मिळाली नाही तर तिघांनी गाशा गुंडाळायचा. निखिल तेव्हा जर्मनच्या बी-वन, म्हणजे मधल्या पातळीच्या, वर्गात सीरियाहून आलेल्या पोरांच्या शेजारी बसून आर्टिकल पाठ करत होता. ईशान पहिलीत होता, आणि त्याला नुकतं वाचता यायला लागलं होतं — जर्मनमध्ये.

आणि एप्रिलमध्ये आमच्याच टीममध्ये एक जागा निघाली.

जाहिरात मी तिला पाठवली नाही. तिने स्वतःच शोधली आणि आनंदाने मला फोन केला. 'अगं, तुझ्याच ऑफिसात. एकत्र डबा खाऊ.' मी म्हटलं, वा. मी काय म्हणणार? तुम्ही काय म्हणाला असता?

एकत्र डबा. मला तो डबा डोळ्यांसमोर दिसायला लागला. पहिल्या आठवड्यात ती सगळ्यांना खाऊ घालणार. दुसऱ्या महिन्यात आमचे हेर वोल्फ — माझे साहेब, आठ वर्षांत माझ्याशी हवामान आणि टेस्ट रिपोर्ट यांपलीकडे न बोललेले — तिच्याशी श्वेबिशमध्ये थट्टा करणार. दोन वर्षांत ती टीमलीड. आणि मला मिठी मारून म्हणणार, तुझ्यामुळे झाले गं. ऑफिस ही एकच जागा उरली होती जिथे केतकी नव्हती. तिथे मी हुशार होते.

तिने बायोडेटा माझ्याकडे तपासायला पाठवला. अर्थात. सगळेच पाठवतात.

आता इथे जरा सावकाश सांगते, कारण माझ्या हातून पहिली गोष्ट इथे घडली आणि ती दिसायला अगदी साळसूद होती.

आपल्याकडे बायोडेट्यात मध्ये रिकामा काळ असेल तर आपण तो झाकतो. महिने लिहीत नाही, नुसती वर्षं लिहितो — चौदा ते सोळा, बस. घरचं आजारपण वगैरे तर चुकूनही लिहीत नाही, कोणाला वाटायला नको की हिच्यामागे घरची कटकट आहे. जर्मनांचं उलटं. त्यांना महिन्यामहिन्याचा हिशोब लागतो. मध्ये जागा सुटली की तिला ते ल्यूके म्हणतात, म्हणजे फट, भगदाड. पण त्या भगदाडात कारण लिहिलेलं असलं की ते समाधानी. घरच्या आजाऱ्याची सेवा केली हे तर त्यांना इतकं मान्य आहे की वाचून दोन शब्द जास्त आदराने बोलतात. कायझर्सलाउटर्नला आमच्या सल्लागार बाईंनी माझ्याकडून हेच घोकून घेतलं होतं. काहीही कर, पण फट उघडी टाकू नकोस.

केतकीने दोन्ही पद्धतींची खिचडी केली होती. नुसती वर्षं लिहिली होती, आपल्या पद्धतीने. आणि खाली एक ओळ, जी तिला बहुधा त्या तळमजल्यावरच्या आजींनी सुचवली असावी — 'आजारी वडिलांची शुश्रूषा, नाशिक.'

मी तिला फोन केला. म्हटलं, महिने घाल, इथे महिने लागतात. हे खरं होतं. आणि म्हटलं, ही वडिलांची ओळ काढून टाक. घरगुती वाटतं. इथे खाजगी गोष्टी अशा लिहीत नाहीत, विचारलं तर मुलाखतीत सांग. हे खोटं होतं.

महिने लिहायला लावले आणि कारण काढायला लावलं. भगदाड मी माझ्या हाताने पाडून दिलं. ती म्हणाली, 'बरं झालं तुला विचारलं.' पाच मिनिटांत नवीन फाईल पाठवली. इतकी आज्ञाधारक ती कॉलेजातही कधी नव्हती.

मी हे मुद्दाम केलं का? स्वतःला खूप वर्षं सांगितलं की नाही, तेव्हा मला तसंच वाटलं होतं, बायोडेटा नीटनेटका दिसावा वगैरे. पण तुम्हाला ते सांगण्यात अर्थ नाही. त्या ओळीपाशी मी थांबले होते. तेवढी एक ओळ तिला आत नेणार आहे हे मला दिसलं होतं. मग मी फोन उचलला.

यानंतरही सगळं थांबवता आलं असतं. खरं तर फार सोपं होतं, हेर वोल्फना एक वाक्य सांगायचं होतं. आणि कदाचित मी सांगितलंही असतं, असं मी म्हणणार होते — पण नको, ते राहू दे. त्या शनिवारचं सांगते.

माझी सई तेव्हा पाच वर्षांची. मराठी सगळं समजायचं, पण उत्तर जर्मनमध्ये. 'सई, दूध पिऊन घे' म्हटलं की जर्मनमध्ये उत्तर, नको. मी रागावले, लाडीगोडी लावली, मराठी गोष्टींची पुस्तकं मागवली. आजीशी फोनवर बोलतानाही तिचं 'या, ओमा' — हो, आजी. माझ्या सासूबाई म्हणायच्या, असू दे गं, येईल हळूहळू. त्या शनिवारी सई केतकीकडे खेळायला होती आणि मी तिला आणायला गेले. दार लोटलेलं होतं. मी पॅसेजमध्ये वाकून बूट काढत होते, आणि स्वयंपाकघरातून माझ्या मुलीचा आवाज आला —

'केतकी मावशी, मला अजून एक धिरडं दे ना. कुरकुरीत दे.'

कुरकुरीत. मला माहीतही नव्हतं की तिला हा शब्द येतो.

मी एक बूट हातात घेऊन तिथेच उभी राहिले. आनंद व्हायला हवा होता ना? कोणत्याही आईला झाला असता. माझ्या मात्र डोळ्यांत पाणी आलं आणि ते आनंदाचं नव्हतं. मी आत गेले तशी सई माझ्याकडे वळली आणि म्हणाली, 'मामा, इश बिन नोख निश्ट फेर्टिश.' आई, माझं अजून झालेलं नाही. मावशीला मराठी आणि मला जर्मन. केतकी हसत म्हणाली, 'अगं, ईशानबरोबर बोलते ना, म्हणून. तू पण खाऊन जा.' मी म्हटलं, कित्ती छान.

मी धिरडी खाल्ली. दोन. चांगली झाली होती. हेही मला तिचं सहन झालं नाही.

निवड करायची बैठक त्यानंतरच्या बुधवारी होती. हेर वोल्फ, एचआरच्या फ्राऊ लेनर्ट आणि मी — मी, कारण नवीन माणूस माझ्याबरोबर काम करणार होता. फ्राऊ लेनर्ट दर वेळी सुरुवातीला समान वागणुकीच्या कायद्याची आठवण करून द्यायच्या. त्याच्या आद्याक्षरांवरून सगळे त्याला आ-गे-गे म्हणतात. ऐकताना कोणीतरी 'अगं गं' करून हळहळतंय असं वाटतं. या कायद्यात एक यादी आहे. वंश, स्त्री की पुरुष, धर्म, अपंगत्व, वय, लैंगिक ओळख. यांतल्या कशावरूनही माणसाला नाकारायचं नाही, नाहीतर कंपनी कोर्टात. म्हणून मुलं किती, नवरा काय करतो, असलं काही विचारायचंही नाही आणि बोलायचंही नाही. बाकी, फ्राऊ लेनर्ट म्हणायच्या, कामाच्या अनुभवाबद्दल मोकळेपणाने बोला. बेकार असणं त्या यादीत नाही. ल्यूके यादीत नाही.

हेर वोल्फ वाईट माणूस नव्हते. पण त्यांची एक पद्धत होती. अर्जांचे दोन गठ्ठे. जे सध्या नोकरीत आहेत ते उजवीकडे. इथे लोक अर्जातच अभिमानाने लिहितात, मी उनगेक्युंडिग्ट आहे, म्हणजे मला कोणी काढलेलं नाही, मी आपणहून निघतोय. जे घरी बसलेले आहेत ते डावीकडे. आपण रिकामं हॉटेल दिसलं की आत जात नाही, तसंच काहीसं. आणि डावा गठ्ठा परत कोणी उघडत नसे.

केतकीचा अर्ज हातात आला तेव्हा मात्र ते थबकले. दोन पानं उलटून परत मागे आले. तिचं आधीचं काम आम्हाला हवं होतं अगदी तेच होतं, आणि कामाचा दाखलाही उत्तम. त्यांनी सात महिन्यांवर पेन टेकवलं आणि माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, फ्राऊ साठे, ह्या पुण्याच्याच दिसतायत. ओळखता का?

मी म्हटलं, फ्लुश्टिश. म्हणजे जाता-येता दिसलो तर मान हलवावी इतपत. एका बाकावर चार वर्षं बसलेल्या, माझ्या मुलीला धिरडी करून घालणाऱ्या बाईसाठी मी हा शब्द शोधून काढला. माझं जर्मन चांगलंच आहे.

त्यांनी विचारलं, हे सात महिने यांनी काय केलं, काही ठाऊक आहे? कारण असेल तर मी बोलावतो. माणूस कामाचा वाटतोय.

मी म्हटलं, 'डास वाइस इश निश्ट.' मला माहीत नाही.

ते पुन्हा म्हणाले — अजिबातच काही नाही? फ्राऊ लेनर्ट माझ्याकडे बघत होत्या. टेबलावर पाण्याच्या बाटल्या होत्या, खिडकीतून पार्किंग दिसत होतं. मला आठवतं, माझा आवाज अगदी नेहमीसारखा आला. मी म्हटलं, नाही, काहीच नाही.

केतकी डाव्या गठ्ठ्यात गेली. मग हेर वोल्फनी पुढचा अर्ज उचलला.

आणि मला कसं वाटलं? विचाराल म्हणून सांगते. हलकं वाटलं. लाज नंतर आली, बरीच नंतर. त्या दिवशी मी घरी जाताना बेकरीत थांबले आणि सईसाठी गोड ब्रेड घेतला.

नकाराचं पत्र — आब्झागे म्हणतात त्याला — दोन आठवड्यांनी आलं. इथल्या नकारात कधीच कारण नसतं. कारण लिहिलं आणि ते यादीतलं निघालं तर पंचाईत, म्हणून सगळे एकच वाक्य लिहितात, आम्ही दुसऱ्या उमेदवाराची निवड केली आहे, तुम्हाला शुभेच्छा. केतकी ते पत्र घेऊन माझ्याकडेच आली. तिला वाटलं, शब्दांमागे काही असेल तर अनघाला कळेल. मी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. म्हटलं, यात काही नाही गं, साचा आहे.

तिने विचारलं, 'याच्याविरुद्ध काही करता येतं का? तुमचा तो कायदा आहे ना?'

मी तिला यादी सांगितली. सहाच्या सहा गोष्टी, बोटांवर मोजून. शिकवणी घेतल्यासारखी. ती ऐकत होती, आणि शेवटी म्हणाली, 'म्हणजे बाई म्हणून नाकारलं तर चालत नाही, काळी म्हणून नाकारलं तर चालत नाही. रिकामी बसलीय म्हणून नाकारलं तर चालतं?'

'चालतं,' मी म्हटलं.

'गंमतच आहे.' ती थोडा वेळ पत्राची घडी घालत बसली. मग म्हणाली, 'आणि रिकामी तरी कुठे बसले होते गं मी?'

मी चहा टाकायला उठले.

मला ती यादी नंतर फार आठवायची. कायदा करणाऱ्यांनी किती विचार करून केली असेल. पण मैत्रिणीचा हेवा वाटला म्हणून नाकारलं, हे कुठल्या यादीत घालणार? माझं कारण तिच्या कारणाच्या मागे लपलं. कागदोपत्री तिला ल्यूकेने नाकारलं, आणि ते कायद्यात बसत होतं. मला कोणी काही विचारू शकत नव्हतं. आजही शकत नाही.

आमच्याकडे जो माणूस घेतला तो उजव्या गठ्ठ्यातला होता. बरा होता. त्याच्याशीही मी हवामानाबद्दल बोलते.

तिने जूनपर्यंत आणखी अर्ज केले. त्याच बायोडेट्यावर, हे लक्षात घ्या. माझ्या तपासलेल्या. महिने घातलेल्या, ओळ काढलेल्या. इतर कंपन्यांमध्ये काय झालं ते मला माहीत नाही — हे मात्र खरंच माहीत नाही. दर आठवड्याला ती मला सांगायची की अजून एक आब्झागे आली, आणि दर आठवड्याला मला वाटायचं की आता सांगावं, ती ओळ परत घाल. तोंडापर्यंत यायचं. पण घाल म्हटलं असतं तर तिने विचारलं असतं, मग काढायला का सांगितलीस? म्हणून मी गप्प राहिले. एप्रिलमध्ये ते मत्सरापोटी होतं. मे-जूनमध्ये नुसता भित्रेपणा होता.

निखिल बी-वन पास झाला, त्याचा कागद हातात आला तेव्हा विमानाची तिकिटं काढून झाली होती. ईशान पुण्यात पहिलीत पुन्हा बसला, कारण त्याला देवनागरी वाचता येत नव्हतं. तळमजल्यावरच्या आजी निघायच्या दिवशी जिन्यात बसून रडल्या, हे मला मंदारने सांगितलं. मी त्यांच्यासमोर गेले नाही. सई काही महिने विचारत राहिली, मावशी कधी येणार. जर्मनमध्ये.

केतकी आता पुण्यात आहे. बरं चाललंय तिचं. तिचे वडील आणखी दोन वर्षं जगले, ती जवळ होती, आणि त्याबद्दल ती म्हणते की देवाची कृपा, आम्ही वेळेवर परत आलो. हे ऐकून मला क्षणभर बरं वाटतं. मग ते बरं वाटणंही मला स्वतःचं वाटत नाही. माझ्या वाढदिवसाला न चुकता तिचा फोन येतो. कोणी मुलगी जर्मनीला निघाली की ती तिला माझा नंबर देते, म्हणते, बायोडेटा आधी अनघाला दाखव.

मी तपासून देते. नीट देते. एकही फट सोडत नाही.

एवढंच असतं तर मी कदाचित तुम्हालाही सांगितलं नसतं. एक गोष्ट राहिली आहे.

त्या जूनमध्ये सामान बांधायला मी गेले होते. मदत करायला, नेहमीप्रमाणे. दुपारची वेळ, खिडक्या उघड्या, खोलीभर खोकी. आम्ही दोघी जमिनीवर बसून ईशानची पुस्तकं भरत होतो. केतकीने एक पुस्तक हातात धरलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं —

'तुमच्या ऑफिसात तेव्हा कोणी विचारलं तरी होतं का गं? की ही बाई सात महिने काय करत होती?'

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिला फक्त जाणून घ्यायचं होतं. कोणाला एकदा तरी विचारावंसं वाटलं का.

मी म्हटलं, 'नाही गं. कोणीच नाही विचारलं.'

तिने मान हलवली. म्हणाली, 'विचारलं असतं तर सांगितलं असतं.'

विचारलं होतं. हेर वोल्फनी दोनदा विचारलं होतं. मी खोक्याची दोन्ही झाकणं दाबून धरली आणि तिने वरून चिकटपट्टी लावली.